डबीत किती माश्या?

ऑफिसमध्ये माश्या मारत बसण्याचा अनुभव आपल्या सगळ्यांनाच आहे. (बॉस लोकांनो, हे वाक्य तुम्ही वाचलंच नाही असं समजा!) पण पदरचे पैसे खर्च करून, हक्काची चार दिवसांची रजा टाकून, हिमाचलमधल्या एखाद्या नदीत गुडघाभर गार पाण्यात उभं राहून दिवसभर 'माश्या' नाचवणारी एक जमात आहे. गेली काही वर्षं मीही त्या जमातीत आहे. या वेडाचं नाव फ्लाय फिशिंग.

बेसिक फंडा सोपा आहे. गळाला गांडूळ किंवा पिठाची गोळी लावायची नाही. छोट्याशा गळावर पिसं, केस आणि दोरा गुंडाळून केलेली खोटी माशी, म्हणजे फ्लाय, पाण्यात सोडायची. माशाला ती खरी वाटली पाहिजे. माशीने मासा पकडायचा, बस्स!

मासा कुठला, तर ट्राउट. हा आपला देशी मासा नाही. १९०० साली ब्रिटनमधून आणलेली ब्राउन ट्राउटची अंडी काश्मीरमध्ये तगली आणि त्यानंतर दहाएक वर्षांत ही मंडळी कुलूच्या नद्यांमध्येही पोचली. ट्राउटला पाणी लागतं थंड, वाहतं आणि स्वच्छ. पाणी वीस अंशांच्या वर गेलं की त्याचा जीव कासावीस होतो. त्यामुळे मुळशीला किंवा भंडारदऱ्याला तो शोधत बसू नका. दिल्लीहून रात्रीची मनालीकडे जाणारी बस पकडा, औटला उतरा आणि बंजारवरून तीर्थन खोऱ्यात शिरा. २०१४ मध्ये जागतिक वारसा यादीत गेलेल्या ग्रेट हिमालयन नॅशनल पार्कातून ही नदी खाली येते.

या विषयावर मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न एकच: "किती फ्लाइज घेऊ, आणि कुठल्या?"

प्रश्न रास्त आहे. ऑनलाइन शोधलंत तर हजारो प्रकार दिसतात. लाल शेपटीच्या, सोनेरी मण्यांच्या, डोळे असलेल्या, पाय असलेल्या. मग आपण काय करतो? शंभर फ्लाइजचा रेडिमेड सेट मागवतो आणि नदीवर पोचल्यावर दर दहा मिनिटांनी माशी बदलत बसतो. चार दिवसांतला अर्धा वेळ गाठी मारण्यात जातो आणि मग 'कुठे माशी शिंकली' म्हणून आपण डोकं खाजवतो!

माझं उत्तर ठरलेलं आहे. अठरा फ्लाइज. सहा प्रकार, प्रत्येकी तीन. एक झाडात अडकायला, एक दगडाखाली हरवायला आणि एक मासेमारीला. पण कुठले सहा हे कळण्याआधी ट्राउटचा मेनू बघायला हवा.

तीर्थनवरचा माझा गाइड पहिल्याच दिवशी म्हणाला होता, "दीदी, पहले पत्थर देखो, डब्बा बाद में." त्याने पाण्यातला नारळाएवढा एक दगड उचलून उलटा केला. खाली वळवळणारी चिमुकली दुनिया! मेफ्लाय, कॅडिस, स्टोनफ्लाय असे हे नदीतले कीटक. त्यांचं बहुतेक आयुष्य पाण्याखाली, दगडांना चिकटून जातं. मेफ्लायचं पिल्लू महिनोन् महिने तळाशी राहतं, मग पंख फुटून वर येतं आणि उडणारी मेफ्लाय म्हणून जेमतेम एखाद-दोन दिवस जगतं. म्हणजे ट्राउटला वर्षभर पोटभर जेवण मिळतं ते खाली. वरचं जेवण म्हणजे सणासुदीची पंगत!

यावरून इंग्लंडमध्ये केवढी भांडणं झालीत. फ्रेडरिक हॅलफर्ड या गृहस्थांच्या शिष्यांचा आग्रह असा, की सभ्य माणसाने पाण्यावर तरंगणारी ड्राय फ्लायच वापरावी. स्क्यूज नावाच्या वकिलाने १९१० मध्ये पुस्तक लिहून 'मासा खाली जेवत असेल तर माशीही खालीच पाठवा' अशी बाजू मांडली. वाद इतका ताणला गेला की १९३८ मध्ये लंडनच्या फ्लायफिशर्स क्लबमध्ये त्यावर रीतसर चर्चा झाली. आज बहुतेकांच्या डबीत दोन्ही असतात.

तर आता महिन्यांप्रमाणे बघू. हिशोब तीर्थनचा आहे, पण बर्फाच्या पाण्याच्या इतर हिमालयी नद्यांनाही ढोबळमानाने लागू पडतो.

मार्च-एप्रिल: उशिरा उठा!

हिमाचलमध्ये ट्राउटचा सीझन मार्चमध्ये उघडतो. पाणी नितळ असतं आणि असं गार की पाय बधिर होतात. गारठ्यात मासाही आळसावलेला असतो, खालचं सोडून वर येत नाही. अशा वेळी निम्फ हवी, म्हणजे पाण्याखालच्या पिल्लाची नक्कल. माझी पहिली पसंती फेझंट टेल. फ्रँक सॉयर हा इंग्लंडमधल्या एव्हन नदीचा राखणदार होता. त्याने दोऱ्याऐवजी बारीक तांब्याची तार वापरून ही माशी बांधली. तारेच्या वजनाने ती झटकन बुडते. दुसरी हेअर्स इअर, सशाच्या कानाजवळच्या केसांची, विस्कटलेली, 'बेड हेड' लुकवाली. दोन्ही १४ किंवा १६ नंबरच्या घ्या. (इथे उलटं गणित असतं. नंबर जितका मोठा, तितका गळ छोटा.)

गुड न्यूज अशी, की पहाटे पाचचा अलार्म लावायची गरज नाही. पाणी जरा कोमट झालं की कीटक हलतात, म्हणजे साधारण अकरा ते तीन. दुपारी ऊन पडलं आणि पाण्यावर गोल गोल तरंग दिसले, तर अ‍ॅडम्स काढा. ही राखाडी ड्राय फ्लाय १९२२ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये जन्मली. कुठल्याच एका कीटकाची ती हुबेहूब नक्कल नाही, म्हणूनच अनेकांसारखी दिसते. फ्लाय डबीतली काळी जीन्स म्हणा ना!

मे-जून: वजनदार माणसं हवीत

वर बर्फ वितळायला लागतं आणि नदी फुगते. सकाळी पाणी त्यातल्या त्यात बरं असतं. दिवसभराचं वितळलेलं बर्फ दुपारनंतर खाली पोचतं आणि पाणी गढूळ, दुधाळ होतं. म्हणून या महिन्यांत मात्र लवकर उठायचं. मासा मुख्य प्रवाह सोडून काठाजवळ, मोठ्या दगडामागच्या संथ पाण्यात दडलेला असतो. त्याला नाजूक माशी दिसणारच नाही. इथे लागते वूली बगर. रसेल ब्लेसिंग नावाच्या अमेरिकन माणसाने १९६७ मध्ये बनवलेली ही झुपकेदार शेपटीची माशी कधी छोट्या माशासारखी दिसते, कधी जळवेसारखी. काळी आणि ऑलिव्ह, ८ किंवा १० नंबर, डोक्याशी जड मणी असलेली. काठाला समांतर टाका आणि थांबत थांबत ओढा.

जुलै-ऑगस्ट: नदीला सुट्टी द्या

पावसाळ्यात तीर्थन चहाच्या रंगाची होते. परवाना मिळतो, पण पाण्यात उतरण्यात अर्थ नाही. जुलै २०२३ मध्ये बियासच्या खोऱ्यात पुराने काय हाहाकार केला ते आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलंय, आणि तीर्थन शेवटी लारजीला बियासलाच मिळते. वर कुठे पाऊस झाला हे खाली उभ्या माणसाला कळत नाही. रजा वाचवा आणि सप्टेंबरला टाका.

सप्टेंबर-ऑक्टोबर: पंगत बसली!

मला विचाराल तर हेच दोन महिने. पाऊस ओसरलेला, पाणी उतरलेलं, काचेसारखं. काठावरच्या गवतातून मुंग्या आणि नाकतोडे पाण्यात पडत असतात आणि ट्राउट वर बघत असतो. १६ नंबरची काळी मुंगी ही या दिवसांतली हुकमी माशी. जोडीला एल्क हेअर कॅडिस. अमेरिकेत अल ट्रॉथने १९५७ मध्ये बांधलेली ही माशी सांबरासारख्या एल्क नावाच्या प्राण्याच्या केसांची असते. केस पोकळ, त्यामुळे ती खळखळत्या पाण्यावरही मस्त तरंगते. पण पाणी नितळ म्हणजे मासाही तुम्हाला बघतो. भडक टी-शर्ट नको, माशीजवळची दोरी बारीक हवी, आणि खालून वर, प्रवाहाविरुद्ध चालत जायचं. ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून उभा असतो, म्हणजे आपण त्याच्या पाठीमागून येतो.

झाले सहा प्रकार. फेझंट टेल, हेअर्स इअर, अ‍ॅडम्स, वूली बगर, मुंगी, एल्क हेअर कॅडिस. उरले चार महिने, आणि खरी गोष्ट इथेच आहे.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी: शून्य

या चार महिन्यांत हिमाचलमध्ये ट्राउटची मासेमारी बंद असते. कारण ब्राउन ट्राउटची मादी याच थंडीत शेपटीने वाळू-खडी उकरून खळगा करते, त्यात अंडी घालते आणि वरून पुन्हा खडी ओढून घेते. अंडी फुटायला कित्येक आठवडे लागतात, पाणी जितकं थंड तितके जास्त. गळ राहू द्या, त्या खडीवरून तुम्ही नुसते चालत गेलात तरी अंडी चिरडतात.

आणि नेमकं याच काळात आपल्याला ख्रिसमसची सुट्टी असते. "थोडं चालतं हो मॅडम, कोण बघतंय?" हे वाक्य मी स्वतः ऐकलंय. लहानशी नदी आहे हो. ती इथल्या लोकांना पर्यटक देते, घरं चालवते. एका डिसेंबरात चार ग्रुपनी 'थोडं चालवलं', तर त्याचा हिशोब दोन-तीन वर्षांनी लागतो, जेव्हा मोठे व्हायला हवे होते ते मासे नसतात. इन्स्टाच्या एका फोटोसाठी हे नको. थंडीत खोऱ्यात जरूर जा, बर्फ बघा, ट्राउट खा. ताटात येतो तो बहुतेक वेळा फार्मवर वाढवलेला रेनबो ट्राउट असतो. फक्त डबी घरी ठेवा.

सीझनमध्येही दोन गोष्टी पाळा. मत्स्य विभागाचा परवाना घ्या आणि त्यावरच्या अटी वाचा. आणि प्रत्येक माशीच्या गळाचं उलटं टोक पकडीने दाबून सपाट करा. मग गळ ओठातून सहज निघतो. हात ओले करून, मासा पाण्यातच धरून सोडून द्या. त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर हेच त्याचं चिलखत. कोरड्या हाताने ते निघून येतं.

आणि हो, ट्रिपवरून आल्यावर डबी उघडून पंख्याखाली ठेवा. ओल्या माश्या बंद डबीत गंजतात. थंडीचे चार महिने ज्यांना अगदीच करमत नसेल त्यांनी टेबलाला वाइस लावून स्वतः माश्या बांधायला घ्याव्यात. फेझंट टेलला लागतात काही पिसं आणि थोडी तांब्याची तार. रोज ऑफिसमधून आल्यावर एक बांधलीत, तरी तीन आठवड्यांत अठरा होतात. मार्चपर्यंत भरपूर वेळ आहे!