निरोप यंत्राने द्यावा, निर्णय माणसाने घ्यावा



गळीत हंगाम जवळ आला की आपल्या कारखान्यावर दोन कामांची लगबग सुरू होते. एक बॉयलरची आणि दुसरी मांडवाची. अग्निप्रदीपन झाले, गव्हाणीत मोळी पडली की मागोमाग ऊस परिसंवाद येतो, कृषी प्रदर्शन येते. मांडव आला की खर्च आला, आणि खर्च आला की प्रायोजक आले. खतवाले, औषधवाले, ठिबकवाले, ट्रॅक्टरवाले, बँका, पतसंस्था. त्यांनी चार पैसे दिले तर कारखान्यावरचा, म्हणजे शेवटी तुमच्या-आमच्या उसावरचा भार तेवढाच हलका होतो. त्यात वावगे काही नाही.

पण एक गोष्ट आपण विसरतो. कमानीवर कारखान्याच्या नावाखाली ज्याचे नाव लागते, त्याला आपला सभासद परका समजत नाही. "कारखान्यानं आणलाय म्हणजे बघूनच आणला असंल," असे म्हणून तो निर्धास्तपणे खिशात हात घालतो. प्रायोजक मांडवाचे पैसे देतो हे खरे, पण त्या पैशात तो मांडवाबरोबर आपला विश्वासही दोन दिवस भाड्याने घेतो. तेव्हा हा विश्वास कोणाला भाड्याने द्यायचा, हे नीट पारखून ठरवले पाहिजे की नाही?

मागच्या एका प्रदर्शनात काय झाले ते बऱ्याच जणांना ठाऊक आहे. कंपनीचे नाव आम्ही इथे घेत नाही. दोष तिच्याइतकाच आपलाही होता. अर्ज आला, बारनिशीत चढला, फायलीत गेला. फाईल या टेबलावरून त्या टेबलावर फिरली. शेती विभागाला वाटले, लेखा विभागाने कागद पाहिले असतील. लेखा विभागाला वाटले, संचालकांच्या ओळखीचे असतील. संचालकांना वाटले, शेती अधिकाऱ्यांनी पाहिल्याशिवाय फाईल वर येईलच कशी? मांडवाचे खांब उभे राहिले त्या संध्याकाळी घाईघाईत सही झाली. दुसऱ्या दिवशी गाळ्यावर 'एकरी टनेज वाढवणारे टॉनिक' धडाधड खपले. बाटलीवर ना नोंदणी क्रमांक, ना उत्पादकाचा धड पत्ता. आडसालीला सोडले, खोडव्याला सोडले. ऊस होता तसाच राहिला. पुढे एक वयस्कर सभासद रिकामी बाटली घेऊन गट कार्यालयात आले आणि एवढेच म्हणाले, "साहेब, बाटली त्यांची, पण कमान तुमची हुती." त्यावर आमच्याकडे उत्तर नव्हते. आजही नाही.

त्याच प्रदर्शनाची दुसरी बाजू कमी लोकांना माहीत आहे. आपल्याच कार्यक्षेत्रातल्या एका बचत गटाने गुळाच्या पदार्थांचा गाळा आणि त्यासोबत छोटे प्रायोजकत्व मागितले होते. कागद सगळे पुरे होते. त्या बायाबापड्यांनी तीन वेळा फोन केला आणि तिन्ही वेळा "बघतो, कळवतो" हेच ऐकले. प्रदर्शन उरकल्यावर त्यांचा अर्ज दुसऱ्याच फायलीत सापडला. खोटा माणूस आत आला आणि खरा बाहेर राहिला. दुखणे एकच होते. कागद कुठे आहे आणि कोणाच्या हातात अडला आहे, हे कोणालाच माहीत नव्हते.

आता कारखान्याच्या संगणक विभागातल्या तरुण मंडळींनी यावर एक उपाय मांडला आहे. प्रायोजकत्वाचा अर्ज संगणकावरच्या फॉर्मवर भरून घ्यायचा आणि अर्ज येताच संबंधितांना आपोआप ईमेल जायचा. यावर काहींनी नाके मुरडली. "शेतकऱ्याच्या कारखान्यात ही थेरं कशाला?" असे म्हणणारेही भेटले. त्यांना आमचे विचारणे आहे की, वजनकाट्यावर गाडी चढली की उसाच्या वजनाचा संदेश मोबाईलवर येतो, तेव्हा तुम्हाला बरे वाटते ना? पूर्वी त्या वजनासाठी किती खेटे घालावे लागत! मग तीच सोय कारखान्याने आपल्या कागदांसाठी केली तर बिघडले कुठे?

ही गोष्ट समजायला अवघड नाही. अर्जदाराने फॉर्म भरला की त्याची एक ओळ संगणकातल्या तक्त्यात उमटते. जुन्या बारनिशीसारखीच, फक्त या बारनिशीचे पान कोणाला फाडून नेता येत नाही. ओळ उमटताच दोन पत्रे निघतात. पहिले अर्जदाराला: "आपला अर्ज मिळाला, क्रमांक अमुक, अमुक तारखेपर्यंत कळवू." दुसरे छाननी करणाऱ्या तिघांना, म्हणजे शेती अधिकारी, लेखा विभाग आणि संचालकांची उपसमिती यांना. त्या तिघांनी आपला शेरा त्याच तक्त्यात लिहायचा. रोज सकाळी संगणक तक्ता चाळतो. तीन दिवस शेरा नसेल तर त्या माणसाला आठवण जाते. सात दिवस झाले तर तीच बाब कार्यकारी संचालकांकडे जाते, अडलेल्याच्या नावानिशी. "माझ्याकडे आलंच नव्हतं" म्हणायची सोय राहत नाही. २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने इलेक्ट्रॉनिक नोंदीला कायदेशीर मान्यता दिली आहे, तेव्हा ही हवेतली गोष्ट आहे असेही कोणी समजू नये.

इथवर आमचा या योजनेला मनापासून पाठिंबा आहे. पण प्रस्तावाच्या शेवटी एक वाक्य हळूच घुसले आहे आणि आमचा सगळा विरोध त्या एका वाक्याला आहे. "सात दिवसांत कोणाचीही हरकत न आल्यास अर्ज मंजूर समजण्यात यावा व तसा ईमेल अर्जदारास आपोआप जावा." सोय म्हणून हे लिहिले असेल, हेतूविषयी आम्हाला शंका नाही. पण मंडळी, हे वाक्य म्हणजे गोठ्याला दार बसवायचे आणि कडी बाहेरून लावायची, त्यातला प्रकार आहे!

आपले संचालक शेतकरी आहेत. लागणीच्या गडबडीत, लग्नसराईत, रात्रीच्या लाईटची वाट बघत बांधावर बसलेला माणूस रोज ईमेल उघडतो असे कोणी शपथेवर सांगेल का? कित्येकांचे ईमेल खाते नातवाने उघडून दिलेले असते आणि त्याचा पासवर्डही नातवालाच ठाऊक असतो. कधी पत्र नको असलेल्या टपालाच्या कप्प्यात जाऊन पडते. अशा वेळी न बोलणे म्हणजे होकार, असे धरले तर तीच जुनी कथा पुन्हा घडेल. फरक एवढाच की मागच्या वेळी निदान घाईत का होईना एका माणसाने सही केली होती. पुढच्या वेळी सही कोणाचीच नसेल आणि सभासद बाटली घेऊन आला की सगळे मिळून संगणकाकडे बोट दाखवतील.

म्हणून आमचे म्हणणे उलटे आहे. मौन म्हणजे नकारही नव्हे आणि होकारही नव्हे. मौन म्हणजे काम बाकी. शेरा येईपर्यंत अर्ज 'प्रलंबित' राहावा, आठवणी जात राहाव्यात. कार्यक्रमाच्या दहा दिवस आधीपर्यंत तिन्ही शेरे आले नाहीत, तर "आमच्याकडून वेळेत छाननी झाली नाही, क्षमस्व," असे स्वच्छ पत्र अर्जदाराला जावे आणि चूक कोणाकडे राहिली ते उपसमितीच्या पुढच्या बैठकीत वाचून दाखवावे. मंजुरीचे पत्र मात्र तिघांच्या होकारानंतर, माणसाने स्वतः कळ दाबल्याशिवाय जाता कामा नये.

यंत्राला काय जमते आणि काय जमत नाही, हेही समजून घ्यायला हवे. जीएसटी क्रमांक पंधरा अक्षरांचा आहे की नाही, महाराष्ट्रातल्या नोंदणीसाठी पहिले दोन आकडे २७ आहेत की नाही, पुढची दहा अक्षरे दिलेल्या पॅन क्रमांकाशी जुळतात की नाही, हे संगणक क्षणात सांगेल. परवान्याची मुदत प्रदर्शनाच्या तारखेआधी संपते का, तेही तो पाहील. कागद जोडायचा राहिला असेल तर अर्ज परत पाठवील. ही हमाली त्याने जरूर करावी.

पण क्रमांक बरोबर असणे वेगळे आणि माणूस बरोबर असणे वेगळे. क्रमांक दुसऱ्याचाच उचलून टाकला असेल तर? तो जीएसटीच्या संकेतस्थळावर घालून, समोर येणारे नाव आणि अर्जावरचे नाव एकच आहे का, हे लेखा विभागातल्या माणसाने पाहावे. कीटकनाशक असेल तर १९६८च्या कायद्याखालची नोंदणी आणि विक्रीचा परवाना, दोन्ही हवेत. खत असेल तर १९८५च्या खत नियंत्रण आदेशाप्रमाणे विक्रेत्याकडे उत्पादकाचा 'ओ फॉर्म' आहे का, ते बघावे. आणि ज्याला आपण गावात सरसकट 'टॉनिक' म्हणतो, त्यातली बरीचशी जैव-उत्तेजके २०२१ साली याच आदेशाच्या कक्षेत आणली गेली. तेव्हा "टॉनिकाला परवाना लागत नाही हो," असे सांगणाऱ्याचा अर्ज शेती अधिकाऱ्यांनी दोनदा वाचावा. बाटली हातात घ्यावी, चिठ्ठी वाचावी, शेजारच्या तालुक्यात एक फोन करावा. हे काम ईमेल करणार नाही.

आणखी एक नाजूक बाब आहे, ती झाकून चालणार नाही. प्रायोजक पुष्कळदा कोणाचा तरी भाचा, व्याही, नाहीतर दोस्त असतो. ते गैर नाही; आपल्या भागात सगळेच एकमेकांचे पाहुणे. पण ज्याचे नाते असेल त्या संचालकाने तसे तक्त्यात लिहून त्या अर्जापुरते बाजूला व्हावे. आणि ज्याला नकार द्यायचा त्याला कारण लिहून द्यावे. "आपला अर्ज मंजूर होऊ शकला नाही" एवढ्याच ओळीने माणूस दुखावतो आणि संशय पेरला जातो. "परवान्याची प्रत जोडलेली नाही" असे लिहिले तर तो पुढच्या वर्षी प्रत घेऊन येतो.

व्यवहारातल्या तीन सूचना थोडक्यात. पहिली, ही योजना एखाद्या कर्मचाऱ्याच्या खाजगी खात्यावर बसवू नये. तो माणूस बदलून गेला की सगळी यंत्रणा त्याच्याबरोबर जाईल. शिवाय गूगलच्या मोफत खात्यावरून अशी आपोआप पत्रे दिवसाला शंभर जणांनाच जातात. कारखान्याच्या नावाचे अधिकृत खाते हवे. दुसरी, कोणत्याही ईमेलमध्ये बँक खात्याचा क्रमांक देऊ नये. "अर्ज मंजूर, पैसे या खात्यावर भरा," अशी हुबेहूब खोटी पत्रे पाठवणारे भामटे आज जागोजागी आहेत. प्रायोजकाने रक्कम लेखा विभागाकडून खाते क्रमांक घेऊनच भरावी, पावती घ्यावी, आणि हे फॉर्मवरच ठळक छापावे. तिसरी, ज्या संचालकांना ईमेलची सवय नाही त्यांना गट कार्यालयातून फोन जावा. त्यात कमीपणा कसला?

आणि शेवटी आपल्या सभासदांसाठी. ईमेल ज्यांना जायचा त्यांना जाईल, पण मांडवात येणारे आपण हजारो. मंजूर झालेल्या प्रायोजकांची यादी, प्रत्येकाने किती रक्कम दिली आणि तो काय विकणार आहे, हे प्रदर्शनाच्या आठ दिवस आधी प्रत्येक गट कार्यालयाच्या फळ्यावर लागावे. तिघांच्या नजरेतून सुटले ते तीनशे जणांच्या नजरेतून सुटत नाही. "ह्या कंपनीनं आमच्या मेव्हण्याला फसवलंय" असे सांगणारा एखादा सभासद फळ्यापाशी भेटला, तर ती कुठल्याही संगणकापेक्षा भारी छाननी झाली.

विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेच्या काठी सहकारी साखर कारखाना उभा केला, तेव्हा शेतकऱ्याने भागाची रक्कम यंत्रांकडे बघून दिली नव्हती. माणसांवर विश्वास ठेवून दिली होती. यंत्रे नंतर आली, आणि पुढेही नवी येत राहतील. ती यावीत, वेळ वाचवावा, विसरभोळ्याला जागे करावे, अडलेली फाईल हलवावी. पण "हा माणूस आमच्या कमानीखाली उभा राहायला लायक आहे," हे सांगण्याची जबाबदारी ज्यांना आपण निवडून दिले त्यांची आहे, आणि ती त्यांनी स्वतःच्या नावाने घ्यावी.

येत्या सर्वसाधारण सभेत हा विषय यावा आणि ते 'मंजूर समजण्यात यावा'चे वाक्य गाळूनच योजना मंजूर व्हावी, अशी आमची संचालक मंडळाला आग्रहाची विनंती आहे. सभासदांनीही त्या दिवशी चहा-नाश्त्यानंतर निघून न जाता या विषयापर्यंत थांबावे. रिकामी बाटली घेऊन पुन्हा कोणाला गट कार्यालयाची पायरी चढावी लागू नये, एवढेच मागणे.