छिन्नी आणि यंत्रमानव

दगड तासण्याचें काम यंत्रमानव करूं लागला. आतां पाथरवटाच्या मुलानें छिन्नी कशाला हातीं धरावी, असा प्रश्न सुज्ञ माणसेंहि विचारितात. प्रश्न पोटाचा आहे, म्हणून तो थट्टेवारी नेतां येत नाहीं. परंतु छिन्नी व यंत्र जेथें एकाच इमारतीवर राबलीं, तेथें त्याचें उत्तर शोधणें बरें.

स्पेन देशांतील बार्सिलोना शहरीं ‘साग्रादा फामिलिया’ म्हणजे पवित्र कुटुंबाचें मंदिर आहे. त्याचा पाया १८८२ सालीं घातला गेला, आणि पुढच्याच वर्षीं तें काम आंतोनी गौदी या स्थपतीकडे आलें. गौदी तांबटाचा मुलगा होता. सपाट पत्र्याला पोकळ आकार देणाऱ्या बापाच्या कामामुळेंच आपणांस आकारांची जाण आली, असें तो मानी. १९२६ सालीं तो वारला. १९३६ सालीं यादवी युद्धांत त्याचे नकाशे जळाले व प्लास्टरचे नमुने फुटले. ते तुकडे मागाहून जुळविण्यांत आले. १९७९ सालीं तेथें आलेल्या मार्क बरी या वास्तुविशारदानें त्यांतील भूमिति उलगडण्यास आरंभ केला. पुढें विमानांच्या आराखड्यांसाठीं बनविलेलीं संगणकाचीं साधनें त्या कामीं आलीं.

त्या भूमितीचें मर्म साधें आहे. वेताचें, कमरेशीं आवळलेलें स्टूल आठवा. त्यांतील प्रत्येक काडी सरळ, तरी एकंदर आकार बांकदार! गौदीचे पुष्कळ आकार असेच सरळ रेषांतून उत्पन्न झाले आहेत. मजुरांच्या मुलांसाठीं १९०९ सालीं त्यानें तेथेंच एक शाळा बांधली. तिचें पातळ विटांचें छप्पर लाटांसारखें आहे, पण खालच्या तुळया सरळच आहेत. गवंड्याच्या ताणलेल्या दोरीला जो आकार साधतो, तोच यंत्रमानवाच्या सरळ करवतीलाहि साधतो. म्हणून त्या मंदिराचे दगड यंत्रानें ओबडधोबड कापले गेले, आणि त्यांवर अखेरचा हात कारागिरानें छिन्नीनें फिरविला.

यावरून कोणी म्हणेल, ‘कष्ट यंत्राकडे, कौशल्य माणसाकडे, मग तक्रार कसली?’ माझ्या मतें खरी अडचण येथेंच आहे. ओबडधोबड काम ही नवशिक्याची शाळा असते. दगडाची शीर कोणत्या बाजूस जाते, घाव कोठें घालावा, हें त्याला त्या कामांतच कळतें. तें काम संपूर्णपणें यंत्राकडे गेलें, तर अखेरचा हात फिरविणारा उस्ताद पुढच्या पिढींत कोठून येणार? म्हणून जेथें यंत्र आणावयाचें, तेथें कांहीं काम, उशीर लागला तरी, शिकाऊ मुलांसाठीं राखून ठेवलेंच पाहिजे. हा खर्च नव्हे. हें बियाणें आहे.

पालकांस माझी विनंती अशी कीं, हस्तव्यवसायाचा तास अभ्यासांत मागें पडलेल्यांसाठीं आहे, ही समजूत सोडून द्यावी. ज्याच्या घरीं सुतारकाम किंवा कुंभारकाम चालतें, त्यानें तें मुलापासून लपवूं नये. तांबटाच्या मुलाचें उदाहरण समोर आहे. आणि विद्यार्थिमित्रांनो, संगणक अवश्य शिका. पण भूमितींतील रेषा एकदां तरी दोरी ताणून अंगणांत आंखून पाहा. यंत्राला आज्ञा द्यावयाची, तर ती काय द्यावी हें आधीं हाताला कळावें लागतें.