फिल्टर कोणाच्या खर्चात?

गेल्या महिन्यात निरनिराळ्या गावांतल्या वाचकांची जवळजवळ एकाच मजकुराची पत्रे आली. बहुतेकांनी सोबत एका जिल्हा कार्यालयाच्या आदेशाची झेरॉक्स जोडली आहे. आदेश दीड पानांचा, पण त्याचा गाभा एका वाक्यात येतो. शाळांमधल्या प्रोजेक्टरच्या चित्रावर डाग, रंगछटा किंवा अंधुकपणा दिसला, तर ती देखभालदाराची कसूर समजावी, त्याने ती स्वखर्चाने दूर करावी आणि तोवर त्याचे देयक रोखावे. ज्या वार्षिक देखभाल कराराचा हवाला देऊन हा आदेश निघाला, त्याच करारात पुढे स्वच्छ लिहिले आहे की लॅम्प, एअर फिल्टर, रिमोटचे सेल आणि केबल या उपभोग्य वस्तू असून त्या करारात धरलेल्या नाहीत. धूळ अडवणारी वस्तू करारात नाही आणि धुळीने झालेले नुकसान मात्र आपल्या देखभालदारांच्या माथी, असा हा हिशेब आहे.

हा आदेश एका जिल्ह्याचा असला तरी त्यामागची समजूत सगळीकडची आहे, म्हणून या अंकाची ही जागा त्यालाच द्यावी लागली.

फिल्टर करारात नसेल तर तो शाळेने घ्यायचा, हे ओघाने आले. शाळेने कशातून घ्यायचा, याचे उत्तर कोणीच देत नाही. सादिलवारच्या पैशात खडू, कागद, झाडू, वीजबिल यांचीच ओढाताण असते. एखादे मुख्याध्यापक खिशात हात घालायला तयार झाले तरी कागद आडवा येतो. प्रोजेक्टर जडवस्तू नोंदवहीत चढलेला असतो आणि पुरवठ्याच्या वेळी बिलात ‘फिल्टरसह’ असे लिहिले असेल तर तो फिल्टरही जडवस्तू ठरतो. मग जुना, गच्च भरलेला फिल्टर टाकायचा झाला की निर्लेखनाचा प्रस्ताव करा. नवा घ्यायचा झाला की तीन दरपत्रके आणा. काही शे रुपयांच्या स्पंजासाठी लेटरहेडवर दर लिहून देणारे तीन दुकानदार तालुक्याच्या गावी आणायचे कुठून? मराठवाड्यातल्या एका वाचकाने आपला सगळा पत्रव्यवहार आम्हाला पाठवला आहे. पावसाळ्यात मागितलेला फिल्टर होळीपर्यंत मंजूर झाला नव्हता. दरम्यान त्या यंत्राचा ऑप्टिकल ब्लॉक गेला. ब्लॉक बदलण्याचा प्रस्ताव मात्र पुढे सरकला, कारण ‘यंत्रसामग्री दुरुस्ती’ असे एक लेखाशीर्ष आहे आणि मोठी दुरुस्ती त्यात बसते. ब्लॉकची किंमत कित्येक मॉडेलांत नव्या यंत्राच्या जवळपास जाते. म्हणजे एवढा खर्च करायला शीर्ष आहे आणि तो टाळणारी जाळी घ्यायला नाही. सरकारी पैशाची ही नासाडी आहे, आणि ती आदेश काढणाऱ्यांच्या टेबलावरूनच होते आहे.

तपासणीचे प्रपत्रही पाहा. ‘बाह्य भाग स्वच्छ आहे काय’, ‘लेन्स पुसली आहे काय’, ‘अनुक्रमांक दिसेल असे मुख्याध्यापकांसह छायाचित्र जोडले आहे काय’, असे रकाने आहेत. फिल्टरचा रकाना नाही. यंत्राच्या तासांचा रकाना नाही. पुढच्या लेन्सवरची धूळ पडद्यावर ठिपका म्हणून उमटत नाही, कारण ती फोकसच्या पार बाहेर असते. फार तर उजेड थोडा कमी होतो आणि काळा रंग फिका पडतो. हे आपल्यापैकी नवशिक्यालाही ठाऊक आहे. तपासायला आलेले साहेब मात्र रुमालाने लेन्स पुसतात, खडूच्या कणांनी तिच्या कोटिंगवर ओरखडे ओढतात आणि ‘होय’वर खूण करून पुढच्या शाळेत जातात. ज्या धुळीने यंत्र मरते तिच्याकडे कोणी पाहिलेलेच नसते.

ती धूळ कशी दिसते ते एकदा नीट सांगावे लागेल. जळगाव भागातल्या एका सदस्याने पाठवलेला ब्लॉक हे लिहिताना समोर आहे, फिल्टर वेगळ्या पिशवीत. जिनिंगच्या हंगामात हवेत उडणारे कापसाचे तंतू आणि वर्गातला खडू मिळून जाळीवर नमद्यासारखा थर बसला आहे. नखाने कड उचलली तर तो एका तुकड्यात सोलून निघतो. फ्रेमची एक खुंटी तुटलेली आहे आणि त्या बाजूला दोन-तीन मिलिमीटरची फट. जाळी बुजली म्हणून पंखा हवा ओढायचे थांबवत नाही. त्याला जिथे वाट मिळते तिथून तो ओढतो. म्हणून त्या फटीच्या रेषेत पंख्याच्या पात्यांवर करडा पट्टा आहे, तोच पट्टा डक्टमध्ये आणि डक्टचे तोंड जिथे उघडते तिथे हिरव्या पॅनेलच्या अलीकडच्या पोलरायझरवर. निळ्या बाजूच्या पोलरायझरची फिल्म मधोमध तपकिरी झाली आहे. हवा कमी पडली, तापमान चढले आणि नेहमीप्रमाणे निळी फिल्म आधी गेली. शाळेची तक्रार एवढीच होती: ‘चित्र पिवळे दिसते, मधे हिरवट डाग आहे.’

अशा एलसीडी पॅनेलांच्या यंत्रात पॅनेल ज्या हवेने थंड होतात, ती हवा थेट पॅनेलवरूनच वाहते. हवेची ती वाट काच लावून बंद करायची सोय नाही. अडवणारा एकटा फिल्टर. आता मोजमाप लक्षात घ्या. सुमारे ०.६३ इंचाचे पॅनेल १०० इंचांच्या पडद्यावर फेकले की प्रत्येक गोष्ट जवळजवळ १६० पट होते. पॅनेलच्या पातळीवर बसलेला ५० मायक्रॉनचा कण, म्हणजे केसाच्या जाडीपेक्षा लहान, पडद्यावर ८ मिलिमीटरचा होतो. तो नेमक्या फोकसमध्ये येऊ नये म्हणूनच उत्पादक पॅनेलवर धूळरोधक काच चिकटवतात. मग तो ठिपका न राहता पसरट डाग होतो, आणि फोकसची रिंग फिरवली की आकसून डोळ्यांत भरतो. शाळेतले गुरुजी रिंग फिरवून हे दाखवतात आणि ‘लेन्समध्ये काहीतरी आहे’ म्हणतात. आपण त्यांना डागाच्या रंगावरून चॅनेल ओळखून दाखवावा. एवढे समजावले की पुढची फिल्टरची गोष्ट त्यांच्या गळी लवकर उतरते.

‘मग सीलबंद इंजिनाची यंत्रेच घ्या’ असे सुचवणारेही आहेत. डीएलपी यंत्रात चिपवर काचेची खिडकी असते आणि तिथे पॅनेलसारखा त्रास होत नाही, हे खरे. पण इन्टिग्रेटर रॉडच्या बाहेरच्या तोंडावर बसलेला कण तिथेही चित्रात येतो, आणि कलर व्हीलच्या सेन्सरवर धूळ बसली तर यंत्र सुरूच होत नाही. लेसर यंत्रांत प्रकाश इतका एकवटलेला असतो की काचेवर बसलेला कण जळून कोटिंगमध्येच रुततो. जाहिरातीतल्या आयपी आकड्याविषयीही सावध राहा. ५ हा पहिला अंक म्हणजे धूळ अजिबात जाणार नाही असे नव्हे. काम बिघडेल इतकी जाणार नाही, एवढाच त्याचा अर्थ. पूर्ण बंदिस्तपणा ६ ला. चाचणी होते ती ७५ मायक्रॉनच्या चाळणीतून गाळलेल्या टाल्कने. उदबत्तीचा धूर किंवा मंगल कार्यालयातल्या फॉग मशीनचा चिकट थर या चाचणीत येत नाही. शिवाय पत्रकातला आकडा बहुतेकदा इंजिनाचा असतो, अख्ख्या यंत्राचा नसतो. तरीही अलीकडच्या एका निविदेत वर्गखोलीतल्या छताच्या प्रोजेक्टरसाठी ‘आयपी ६५’ मागितले आहे. त्यातला ५ पाण्याच्या झोतासाठी असतो! रस्त्यावरच्या दिव्याच्या निविदेतून ओळ उचलून इथे डकवली की असेच होते. त्याच निविदेत सुटे फिल्टर किती द्यायचे याचा उल्लेख नाही. असे तपशील लिहिणाऱ्यांनी एकदा तरी एखाद्या तंत्रज्ञाला बोलावून विचारावे, ही मागणी आम्ही पूर्वीही केली आहे आणि पुन्हा करतो.

आता आपल्या घराकडे वळू. कारण त्या आदेशातले ‘कसूर’ हे सगळेच खोटे आहे असे आम्हाला म्हणता येत नाही. पडद्यावर ‘फिल्टर स्वच्छ करा’ अशी सूचना येते. आपल्यातले कितीतरी जण शिडी न लावता खाली उभे राहून रिमोटने मेनूत जातात, फिल्टरचा टायमर शून्यावर आणतात आणि भेटीच्या नोंदीत ‘फिल्टर साफ केला’ असे लिहून सही घेतात. हे सरळ खोटे आहे. यंत्राने स्वतःहून दिलेला इशारा बुजवण्याचे पैसे घेणे हा धंदा नव्हे. दुसरे म्हणजे तापमानाचा दिवा लागतो म्हणून फिल्टर काढून ठेवणारे. दिवा विझतो, गिऱ्हाईक खूश होते आणि पुढच्या उन्हाळ्यात ब्लॉक जातो. तिसरे, पंक्चरच्या दुकानातल्या कॉम्प्रेसरने पुढून हवा मारणारे. त्या हवेत तेल आणि पाणी असते, आणि बाहेरची धूळ तुम्ही स्वतः प्रिझमवर नेऊन बसवता. चौथे, सगळेच फिल्टर नळाखाली धरणारे. साधा स्पंज काही मॉडेलांत धुता येतो. स्थिरविद्युत भारावर काम करणारी जाळी धुतली की भार जातो आणि नुसते कापड उरते. मॅन्युअलमध्ये ‘पाणी लावू नये’ असे लिहिलेले असते. ते वाचा. ब्रशचे तोंड लावलेला व्हॅक्यूम, तोही फिल्टर बाहेर काढून, एवढेच उपकरण या कामाला पुरते आणि ते प्रत्येकाच्या गाडीवर असले पाहिजे. माउंट बसवतानाच यंत्राची हवा घेणारी बाजू पंख्याच्या झोतात किंवा फळ्याच्या अगदी वर येणार नाही हे पाहणे आपल्या हातात आहे. तेही कित्येक जण पाहत नाहीत.

चित्रपटगृहांच्या केबिनमधल्या बंधूंसाठी एकच गोष्ट. एक्झॉस्टचा मोठा पंखा बसवून आत गाळलेली हवा यायची वाट ठेवली नाही, तर केबिनमध्ये हवेचा दाब कमी राहतो आणि दाराच्या फटीतून, केबलच्या भोकातून, पोर्टच्या चौकटीतून बाहेरची धूळ आत ओढली जाते. दार थोडे उघडून फटीशी कागदाची पट्टी धरा. ती आत वळली तर मालकाला सांगा. पडद्यावरचे १४ फूट-लॅम्बर्ट गाठायला दिवा वाढवत नेण्याआधी पोर्टची काच, मग फिल्टर आणि मग लेन्स या क्रमाने बघा.

शाळा बंद आहेत. जूनच्या मध्यावर त्या उघडतील, विदर्भात त्यानंतर. वळवाच्या वादळाची धूळ बंद खोल्यांतही शिरते आणि पहिल्या दिवशी घंटा झाल्याबरोबर कोणीतरी प्रोजेक्टरचे बटण दाबेल. त्याआधी आपल्या करारातल्या प्रत्येक शाळेत एक फेरी मारा. फिल्टर काढा, खुंट्या बघा, फट असेल तर फ्रेम बदला, यंत्राचे तास लिहा आणि काढलेल्या फिल्टरचे छायाचित्र तारखेसह घ्या. मुख्याध्यापकांना ते दाखवून त्याच कागदावर त्यांची सही घ्या. उद्या देयक रोखले गेले तर ‘लेन्स पुसली’ या रकान्यापेक्षा हे छायाचित्र तुमच्या बाजूने अधिक बोलेल.

आणि नवा करार करताना एक ओळ घातल्याशिवाय सही करू नका: ‘देखभालदार दर यंत्रामागे ठरलेल्या तासांनंतर नवा एअर फिल्टर बसवील, त्याची किंमत करारात समाविष्ट राहील, आणि फिल्टर वेळेवर बदलू न दिल्यास धुळीने झालेल्या नुकसानीची जबाबदारी देखभालदारावर राहणार नाही.’ तास किती हे मॉडेलच्या मॅन्युअलप्रमाणे आणि जागेप्रमाणे ठरवा. जिनिंगच्या किंवा खडीक्रशरच्या गावाला मॅन्युअलच्या निम्मे धरा. फिल्टर असा सेवेचा भाग झाला की शाळेला दरपत्रके लागत नाहीत, निर्लेखन लागत नाही आणि जडवस्तू नोंदवहीला हात लावावा लागत नाही. दर थोडा वाढेल. तो वाढवून मागायला लाजू नका. शेजारचा कमी दराने भरतो म्हणून ही ओळ गाळणारे सदस्यच या आदेशाला बळ देत आहेत, हे त्यांना तोंडावर सांगायची वेळ आली आहे.

ज्यांची देयके या कारणाने अडली आहेत त्यांनी कराराची प्रत, रोखल्याचे पत्र आणि असतील ती फिल्टरची छायाचित्रे येत्या १५ तारखेपर्यंत आमच्याकडे पाठवावीत. शाळेचे आणि तुमचे नाव झाकून पाठवले तरी चालेल. सगळी कागदपत्रे एकत्र बांधून, वर लिहिलेल्या ओळीसह, शाळा उघडण्याआधी शिक्षण विभागाच्या टेबलावर नेऊन ठेवायची आहेत. त्या दिवशी सोबत यायला कोण मोकळे आहे तेही पत्रात लिहा.