पेन ड्राइव्हवरचा कारभार

काल एका कचेरीत एक आजी दाखल्यासाठी तिसऱ्यांदा येऊन रिकाम्या हाती गेल्या. कारण? नवीन व्हर्जन टाकायला एक पोरगा पेन ड्राइव्ह घेऊन टेबलाटेबलाला फिरतोय. सगळे संगणक एकाच नेटवर्कवर असताना! अहो, पॅकेज सर्व्हरवर ठेवा, आधी दोन मशीनवर तपासा, मग रात्री टप्प्याटप्प्यानं सगळीकडे सोडा.

२०१७ चा 'वॉनाक्राय' आठवतो? त्यावरचा पॅच मायक्रोसॉफ्टनं मार्चमध्येच दिलेला, मे महिन्यात आपटले ते न टाकणारे. उलट जुलै २०२४ मध्ये क्राउडस्ट्राइकनं एक अपडेट एकदम सगळीकडे सोडलं, तर सुमारे ८५ लाख संगणक बसले. विमानतळांवर बोर्डिंग पास हातानं लिहायची पाळी आली.

साहेब, निविदेत संगणक किती ते बरोबर लिहिता. अपडेट कोण, कधी, कसं टाकणार, ते कुठल्या पानावर आहे?