धर्मसेवेलाही अध्ययन हवे

आषाढी एकादशीच्या या पुण्यपर्वावर घरोघरी विठुरायाची पूजा चालली असेल, कोणी उपवासाची फराळाची ताटे मांडीत असेल, आणि ज्यांना पंढरपूर घडत नाही ते धापेवाड्याच्या चंद्रभागेकाठी पांडुरंगाचे दर्शन घेऊन धन्य होत असतील. अशा मंगलदिनी ख्रिस्ती धर्मोपदेशकांच्या उच्च अध्ययनाविषयी आम्ही लिहावयास घेतले, हे पाहून काही वाचकांच्या कपाळी आठी उमटेल. ती उमटावी, परंतु लेख शेवटपर्यंत वाचावा, एवढीच विनंती.

गेल्या चातुर्मासात आमच्याकडे खाप्यास एक ख्रिस्ती तरुण ज्ञानेश्वरी शिकावयास येत असे. पुण्यातील एका ख्रिस्ती धर्मविद्यालयात तो डॉक्टरेटचा प्रबंध लिहीत होता. कन्हानेच्या काठी, देवळाच्या ओवरीत, दोन मास हे अध्ययन चालले. गावातील काही श्रद्धाळू मंडळींना ते रुचले नाही. “महाराज, जे आपली माणसे त्यांच्या धर्मात नेतात, त्यांच्याच हाती आपण आपल्या भांडाराची किल्ली का देता?” असे एका वृद्ध माउलीने आम्हांस उघड विचारले. प्रश्न द्वेषातून आलेला नव्हता, जिव्हाळ्यातून आला होता. म्हणून त्याचे उत्तर देणे आम्ही आपले कर्तव्य मानतो.

धर्मांतराची चिंता निराधार आहे असे आम्ही म्हणणार नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळक हे काही काळ आमच्या नागपुरातच संस्कृत ग्रंथांच्या कामात होते, आणि तेच पुढे १८९५ साली ख्रिस्ती झाले. त्या घटनेने एका ब्राह्मण घराची कशी होरपळ झाली, ते लक्ष्मीबाईंचे ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्यास सांगावे लागत नाही. परंतु शास्त्र झाकून ठेवल्याने धर्म राखला जातो, हे मात्र आम्हांस मान्य नाही. विल्यम केरी हा मिशनरी बंगालमध्ये श्रीरामपुरास राहिला. त्यास मराठी शिकविले ते वैजनाथ नामक पंडितांनी. त्यातूनच १८०५ साली मराठीचे व्याकरण आणि १८१० साली कोश छापून निघाला. वैजनाथ पंडितांचा धर्म त्याने बुडाला नाही. आपल्या भाषेस मात्र मुद्रित व्याकरण लाभले.

याहून जवळचे उदाहरण फादर कामिल बुल्के यांचे. बेल्जियममध्ये १९०९ साली जन्मलेले हे धर्मगुरू १९३५ साली भारतात आले आणि तुलसीदासांच्या भक्तीत रमले. अलाहाबाद विद्यापीठात प्रबंध इंग्रजीत लिहिण्याचा दंडक होता. हे परदेशी साधू हिंदीतच लिहीन म्हणून अडून बसले, आणि विद्यापीठास आपला नियम बदलावा लागला. १९५० साली प्रसिद्ध झालेला ‘रामकथा : उत्पत्ती और विकास’ हा त्यांचा प्रबंध रामायणाच्या अभ्यासकास आजही टाळता येत नाही. १९८२ साली ते निवर्तले तोवर ख्रिस्ती धर्मगुरूच राहिले, आणि तुलसीदासांचे भक्तही राहिले. फादर देलरी या फ्रेंच धर्मगुरूंनी वारीबरोबर चालून विठ्ठलभक्तीचा अभ्यास केला. त्यांचा ग्रंथ पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६० साली प्रसिद्ध केला. वारीत ज्याने पाय भाजून घेतले, त्यास परका म्हणावयास आमची जीभ वळत नाही.

हे झाले माउलीच्या प्रश्नाचे उत्तर. परंतु त्या दोन मासांत आम्ही जे दिले त्याहून आम्हांस जे मिळाले, ते सांगण्यासाठीच खरे तर ही लेखणी उचलली आहे.

नागपूरकर नित्य ‘सेमिनरी हिल्स’ म्हणतात. त्या टेकडीस हे नाव तेथील सेंट चार्ल्स सेमिनरीवरून पडले, आणि सेमिनरी म्हणजे धर्मगुरू घडविण्याची पाठशाळा, हे किती जणांच्या ध्यानी असते? आपल्या विदर्भातच यवतमाळ येथे १९५३ साली युनियन बिब्लिकल सेमिनरी निघाली आणि १९८३ साली ती पुण्यास गेली. कॅथलिक पंथात धर्मगुरू होण्यास तत्त्वज्ञान आणि धर्मशास्त्र यांचे कित्येक वर्षांचे अध्ययन लागते. त्याहीपुढे ज्यास जावयाचे असेल त्याच्यासाठी डॉक्टरेट. केरी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १८१८ साली स्थापिलेल्या श्रीरामपूरच्या कॉलेजास १८२७ साली डेन्मार्कच्या राजाने पदव्या देण्याची सनद दिली. तेथील सिनेट आजही देशभरातील प्रॉटेस्टंट धर्मविद्यालयांच्या विद्यार्थ्यांना धर्मशास्त्राच्या पदव्या देते.

या डॉक्टरेटचे दोन प्रकार आहेत. पहिला ग्रंथाभ्यासाचा. बायबलाच्या जुन्या करारावर प्रबंध लिहावयाचा तर हिब्रू भाषा यावी लागते, नव्या करारासाठी ग्रीक. एकेका शब्दावर पूर्वसूरींनी काय म्हटले ते पाहावे लागते, पाठभेद ताडून पाहावे लागतात. हे आपणांस नवे नाही. आपल्याकडे संस्कृत विद्यापीठांत ज्यास विद्यावारिधी म्हणतात तो हाच मार्ग. आमच्या जिल्ह्यात रामटेकास १९९७ साली कविकुलगुरू कालिदास संस्कृत विश्वविद्यालय स्थापन झाल्यापासून तर ही सोय अगदी दाराशी आली आहे. या प्रकारात आपण कोणाहून उणे नाही.

दुसरा प्रकार धर्मसेवेच्या डॉक्टरेटचा. तो अमेरिकेत रूढ झाला आणि आता आपल्या देशातील ख्रिस्ती विद्यालयांतही आला आहे. काही वर्षे प्रत्यक्ष सेवा केलेल्या उपदेशकासच साधारणपणे त्यात प्रवेश मिळतो. प्रबंधाचा विषय ग्रंथात शोधावयाचा नसतो. तो आपल्याच मंडळीत, आपल्याच गावात शोधावयाचा असतो. आजाऱ्याच्या उशाशी काय बोलावे, विधवेचे सांत्वन कसे करावे, दारूत बुडालेल्या घरात पाऊल कसे टाकावे, असे हे विषय. या शिक्षणामागे एक विलक्षण पुरुष आहे. अँटन बॉयसन नामक उपदेशक १९२० साली स्वतःच मनोविकाराने ग्रस्त होऊन रुग्णालयात पडला होता. बरा झाल्यावर तो अमेरिकेतील वूस्टर येथील मनोरुग्णालयात धर्मोपदेशक म्हणून लागला, आणि १९२५ च्या उन्हाळ्यात त्याने धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांना तेथे आणून बसविले. जसे ग्रंथ वाचता तशीच ही दुःखी माणसेही वाचावयास शिका, असा त्याचा आग्रह होता. त्यातूनच आजाऱ्यांच्या सेवेचे हे रीतसर शिक्षण वाढले.

आमच्याकडे येणाऱ्या तरुणाजवळ या शिक्षणातील एक वही होती. कोणा आजारी माणसास भेटून आल्यावर, तो काय बोलला आणि आपण काय बोललो, हे जसेच्या तसे लिहून काढावयाचे. मग ते सहाध्यायांपुढे आणि गुरूपुढे वाचावयाचे. चूक कोठे झाली ते इतरांनी सांगावयाचे. एका पानावर एका वृद्ध स्त्रीशी झालेले संभाषण होते. ती चार वाक्ये बोलली होती, आणि याने वीस. गुरूंनी त्या वीस वाक्यांखाली लाल रेघ ओढून समासात केवळ प्रश्नचिन्ह केले होते. रुग्णाचे नाव मात्र वहीत कोठेही नव्हते. ते लिहावयाचे नसते, असा त्यांचा नियम आहे.

ती लाल रेघ पाहून आम्हांस आपल्या प्रांतातील एक तेरवी आठवली. कपाशी बुडाली, कर्ज फिटेना, म्हणून घरच्या कर्त्या पुरुषाने विष घेतले होते. विदर्भात असे प्रसंग किती घरांवर आले, ते वाचकांना ठाऊक आहे. रात्री कीर्तन होते. कीर्तनकार बुवा विद्वान होते, गळा गोड होता, पूर्वरंगात निरूपणही शुद्ध केले. उत्तररंगात मात्र त्यांनी आत्महत्येच्या पापाचे आणि पूर्वकर्माच्या भोगाचे असे काही वर्णन केले, की पडद्याआड बसलेली ती पोरसवदा विधवा उठून आत गेली आणि पुन्हा बाहेर आली नाही. टाळ वाजतच राहिले. बुवांस कोणी काही म्हटले नाही. म्हणण्याची आपल्याकडे रीतच नाही. बिदागी देऊन, पायांवर डोके ठेवून यजमान बुवांना निरोप देतो, आणि तेच कथानक पुढल्या गावी तसेच सांगितले जाते.

कर्मसिद्धान्त खोटा आहे असे येथे कोणी समजू नये. सिद्धान्त कोणास, कोठे, केव्हा सांगावा, हा प्रश्न आहे. आपल्या शास्त्रांनी देश, काल आणि पात्र यांचा विचार पावलोपावली सांगितला आहे. गीतेचाच पहिला अध्याय पाहा. अर्जुन बोलतो, थरथरतो, रडतो, धनुष्य टाकून बसतो. त्या साऱ्या अध्यायात भगवंतांच्या मुखी एकच लहानसे वचन आहे, जमलेल्या कौरवांकडे पाहा एवढेच सांगणारे. आत्म्याचे अमरत्व सांगावयास ते दुसऱ्या अध्यायात, अकराव्या श्लोकापासून आरंभ करतात. तोपर्यंत अर्जुनाचे बोलणे पुरते ऐकून घेतलेले असते. आम्ही चाळीस वर्षे गीतेवर कीर्तने करीत आलो, परंतु ही गोष्ट श्रोत्यांस सांगताना कीर्तनकारांसही सांगावी, याचे अगत्य त्या वहीने अधिक पटविले.

यावर कोणी म्हणेल, संतांनी कोठे डॉक्टरेट घेतली होती? खरे आहे. गाडगेबाबा आमच्याच विदर्भाचे, १८७६ साली शेंडगावास जन्मले, आणि शाळेचे तोंडही त्यांनी पाहिले नव्हते. परंतु ते गावात आले की आधी खराट्याने गाव झाडीत, आणि रात्री कीर्तनात श्रोत्यांनाच प्रश्न विचारीत, त्यांचे उत्तर ऐकीत, मग पुढले बोलत. अशी जन्मजात दृष्टी ज्यास आहे त्याने शिकण्याची गरज नाही. उरलेल्या आम्हां सर्वांस आहे. बरे, पदवी मिळाली की शहाणपण आले, असेही नव्हे. पैसे मोजून ‘डॉक्टर’ होण्याचे दुकान अमेरिकेत पुष्कळ काळ चालले आहे, आणि आपल्याकडेही नावामागे तो शब्द लावून मिरविणारे थोडे नाहीत. आम्हांस पदवी नको आहे, ती लाल रेघ हवी आहे.

आळंदीस जोग महाराजांनी १९१७ साली वारकरी शिक्षण संस्था स्थापिली. तिच्या चार वर्षांच्या अभ्यासातून आजवर किती कीर्तनकार निघाले! ज्ञानेश्वरी, गाथा, गीता, भागवत यांचा तेथे जो पाया घातला जातो, त्यास तोड नाही. त्या भक्कम पायावर आणखी एक खण चढवावा, असे आमचे म्हणणे आहे. दोन महिने विद्यार्थ्याने इस्पितळात, वृद्धांच्या आश्रमात, स्मशानावर जाणाऱ्या माणसांबरोबर घालवावेत. काय पाहिले, काय बोललो, ते लिहावे आणि गुरूपुढे वाचावे. पौरोहित्याच्या पाठशाळांनीही हे मनावर घ्यावे. अंत्येष्टीचे मंत्र शुद्ध म्हणणारा पुरोहित जर घरच्या लेकरास हाताशी धरून दोन शब्द बोलेल, तर मंत्रांचे काही कमी होणार नाही.

ख्रिस्त्यांचे उसने कशाला घ्यावे, असे ज्यांना वाटत असेल त्यांना आम्ही पुन्हा टिळकांकडेच नेतो. ख्रिस्ती झाल्यावर त्यांनी आपल्या नव्या धर्मासाठी आपलेच कीर्तन नेले, आपलीच भजनाची चाल नेली, आणि मराठी ख्रिस्ती मंडळींत ती रुजली. त्यांनी ते नेताना संकोच केला नाही. आपण तरी का करावा?

खाप्यात आम्ही यंदापासून आरंभ करीत आहोत. सावनेर तालुक्यातील पाच-सहा कीर्तनकार आणि दोन भिक्षुक मंडळी यांनी होकार दिला आहे. चातुर्मासातील प्रत्येक द्वादशीस, पारणे झाल्यावर, ओवरीत बसावयाचे. त्या पंधरवड्यात ज्या दुःखी घरी जाणे झाले तेथील बोलणे प्रत्येकाने लिहून आणावयाचे, घराचे नाव मात्र लिहावयाचे नाही. पहिले वाचन आमचे राहील, कारण वयाने आम्ही वडील आहोत आणि धाकट्यांस आधी उभे करणे बरे दिसत नाही. लाल शाईची दौत आणि टाक आणून ठेवला आहे. गावातील ज्या गृहस्थांना ऐकण्यास यावयाचे असेल त्यांनी अवश्य यावे, आणि ज्या माउलीने आम्हांस प्रश्न विचारला होता, त्यांना तर आम्ही घरी जाऊन निमंत्रण देऊन आलो आहोत.