न भिणारी घोरपड

तुळजापुरात मी पस्तीस वर्षे मुलांना शिकवले. देवळाकडे उतरणाऱ्या रस्त्यावर हळदकुंकू, परड्या आणि कवड्यांच्या माळा यांच्या शेजारी मुलांसाठी ऐतिहासिक गोष्टींची पुस्तकेही टांगलेली असतात. दर नवरात्रात त्यांतली दोनचार विकत घेण्याची मला खोड आहे. वेष्टनावरचे चित्र ठरलेले : दहाबारा वर्षांचा एक पोरगा, हातात त्याच्याहून लांब तलवार, शेजारी घोडा नाहीतर कुत्रा. तिघांच्याही चेहऱ्यावर, म्हणजे तलवारीच्यासुद्धा, एकच भाव असतो. आपण अमर आहोत असा !

या पुस्तकांविरुद्ध माझी तक्रार आहे. पण तिची सुरुवात माझ्याच अपराधापासून केली पाहिजे.

एकदा वर्गात मी यशवंती घोरपडीची गोष्ट रंगवून सांगत होतो. तानाजीने तिच्या कमरेला दोर बांधला, ती कड्यावर चढली आणि त्या दोरावरून मावळे वर गेले. मागच्या बाकावरचा एक मेंढपाळाचा पोर उठला. म्हणाला, "गुरुजी, घोरपड लई भित्री असती. आमचं कुत्रं दिसलं की बिळात घुसती. एवढी माणसं तिला कशी पेलायची ?" वर्ग हसला. मी त्याला खाली बसवले आणि वर म्हणालो, "महाराजांच्या काळच्या घोरपडी वेगळ्या होत्या." तो बसला. पण माझ्या गोष्टीला त्याने पुन्हा कधी प्रश्न विचारला नाही. त्या गप्प बसण्याला मी तेव्हा शिस्त समजलो.

बरोबर तो होता. घोरपडीचे वजन माणसाच्या दहाव्या हिश्शाएवढेही क्वचित भरते. 1670 च्या त्या रात्रीची हकीकत सभासदाने बखरीत सांगितली आहे. तीत मावळे वानरांसारखे कडा चढतात, घोरपड नाही. ती आली तुळशीदास शाहिराच्या पोवाड्यातून. शाहिराला तो अधिकार आहे. पोवाडा म्हणजे दप्तर नव्हे. रायगडावरच्या वाघ्या कुत्र्याचेही तेच. 1680 साली त्याने चितेत उडी घेतल्याचा समकालीन पुरावा नाही. त्याला घरोघर पोचवले ते गडकऱ्यांच्या 'राजसंन्यास' नाटकाने, आणि स्मारक उभे राहिले 1936 साली. 2012 साली तो पुतळा उखडला गेला, पुन्हा बसवला गेला, आणि 2025 साली वाद पुन्हा पेटला. मोठी माणसे एका कुत्र्यावरून भांडतात याचे कारण एवढेच, की लहानपणी त्यांना कथा आणि इतिहास यांतली रेघ कोणी दाखवली नव्हती.

पण माझे खरे भांडण पुराव्याशी नाही. कल्पनेवाचून बालकथा कशी होईल ? माझे भांडण आहे ते या पुस्तकांतल्या निर्भयतेशी. त्यांतला प्राणी भीत नाही, दमत नाही, उपाशी राहत नाही. त्याला मरायचे तेवढे ठाऊक असते, तेही मालकासाठी. आणि त्यांतले मूल म्हणजे छोटा पुतळाच. आमच्या गावच्या मुलाने अजाबलीच्या दिवशी बकऱ्याचे डोळे पाहिलेले असतात. त्याला जनावराची भीती शिकवावी लागत नाही. ती खोटी ठरवायला मात्र आम्ही त्याला शिकवतो.

संभाजीराजांचेच पाहा. 1666 साली आग्र्याहून सुटताना ते नऊ वर्षांचे होते. बाप पुढे निघून गेला आणि हे मूल मथुरेत परक्या घरी राहिले. मुलगा वारला अशी हूल महाराजांनी उठवल्याचे सांगतात. आपण जिवंत असताना आपल्या मरणाची बातमी देशभर फिरते आहे, हे त्या मुलाला कळले असेल का ? रात्री झोप लागली असेल का ? माझ्याजवळच्या पुस्तकांत या प्रसंगाला 'न डगमगता' हा एक शब्द मिळतो. अहो, जो डगमगतच नाही त्याचे धैर्य ते कसले ?

दुसरे उदाहरण दुष्काळाचे. शिवजन्म 1630 चा. त्याच वर्षी दख्खनेत पावसाने दगा दिला आणि 1632 पर्यंत माणसे व गुरे मरत राहिली. आमच्या बालकथांत शिवनेरीवरचा पाळणा असतो. गडाखालचा मोडलेला गोठा नसतो. वाचणारा मुलगा मात्र ज्या जिल्ह्यातला आहे तिथे 1972 चा दुष्काळ आजोबा सांगतात, आणि 2016 साली शेजारच्या लातुराला आगगाडीने पाणी आले. बापाबरोबर चारा छावणीत बैलाशेजारी झोपलेल्या मुलाला या इतिहासात आपला बैल कुठेच सापडत नाही.

अशी एक गोष्ट मीच लिहिली : दुष्काळातला मुलगा आणि त्याचा म्हातारा बैल. एका प्रकाशकाने ती परत पाठवली. "लढाई कुठे आहे ?" असे त्यांनी विचारले. मी उत्तर दिले नाही, आज देतो. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत लढाईच होती, महाराज ! फक्त तलवार नव्हती.

कोणी म्हणेल, मुलांना भीती दाखवून त्यांना दुबळे का करायचे ? मी उलट विचारतो : घाबरलेल्या मुलाने कोणाकडे पाहायचे ? कधीच न घाबरलेल्या वीराकडे पाहून त्याला एवढेच वाटते, की आपण त्या जातीचे नव्हे. वीर घाबरला आणि तरीही उभा राहिला, हे कळले तर त्याला वाट सापडते.

विषय हवेत ? 1659 साली अफझलखान तुळजापुरावर आला. सभासद म्हणतो, देवी फोडली. गावची आठवण म्हणते, मूर्ती आधीच हलवून लपवली होती. दोन्ही म्हणणी मुलांपुढे ठेवा. त्यांना दोन्ही पेलतात. मग खुशाल कल्पना करा. आमची मूर्ती चल आहे, वर्षातून तीनदा सिंहासनावरून उठून निद्रेला जाते. ती हलवता येते हे इथल्या पोराला ठाऊक आहे. बालाघाटाच्या उतारावर रात्रीची एक बैलगाडी, तिच्यात गोणपाटाखाली काहीतरी झाकलेले, आणि बैलाच्या गळ्यातली घुंगुरमाळ वाजू नये म्हणून ती मुठीत गच्च धरून चालणारे एक पोर. त्याचे हात कापू द्या. बैलालाही मध्येच बुजू द्या. आणि पहिल्या पानावर स्वच्छ लिहा, की ही गोष्ट आहे.

तो मेंढपाळाचा पोर आता मोठा झाला असेल. कदाचित त्याला मुलेही असतील. त्यांच्यापैकी कोणी उभे राहून म्हणाले, की घोरपड भित्री असते, तर माझ्यासारखे त्याला खाली बसवू नका. त्याला पुढे बोलावा आणि विचारा, "अस्सं ? मग पुढची गोष्ट तू सांग."