जंजिरा कोणी राखला?

राजपुरीहून शिडाच्या होडीत बसलेल्या पर्यटकाला जंजिऱ्याची गोष्ट हमखास ऐकवली जाते: अभेद्य तट, कलालबांगडी तोफ आणि मराठ्यांच्या हाती कधीच न लागलेला किल्ला. तटाचे कौतुक ठीकच आहे. पण किल्ला राखणाऱ्या सिद्द्यांना तटाइतकेच तारले ते वेळेवर धनी बदलण्याच्या धूर्तपणाने.

१६७० च्या सुमारास शिवाजी महाराजांच्या रेट्याने टेकीला आलेला जंजिऱ्याचा किल्लेदार फत्तेखान किल्ला द्यायला तयार झाला होता. त्याच्याच माणसांनी त्याला कैद केले, आदिलशाहीचा हात सोडला आणि औरंगजेबाचा धरला. मोबदल्यात मुघलांचा पैसा, गलबते आणि याकूतखान हा किताब मिळाला. मुघलांना दर्यावर आरमार हवे होते, सिद्दीला पाठीराखा. सौदा जमला.

गोची झाली ती मुंबईच्या इंग्रजांची. सुरतेची वखार मुघलांच्या मुठीत, म्हणून सिद्दीच्या आरमाराला पावसाळ्यात माझगावला आसरा द्यावा लागे. धान्य आणि लाकूडफाट्यासाठी मात्र तोंड महाराजांच्या मुलखाकडे. जून १६७४ मध्ये इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झेंडन नजराणा घेऊन रायगडावर आला, तेव्हा सिद्दीशी समेट करण्याची विनंतीही त्याने सोबत आणली होती. महाराजांचे मंत्री निराजीपंत यांनी त्याला बजावले: तो विषय काढून उपयोग नाही. व्यापाराची बहुतेक कलमे मान्य झाली, सिद्दीचे प्रकरण तिथेच राहिले.

वेळ पाहून बाजू बदलण्यात सिद्दी एकटा नव्हता. पुढे १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून मराठा आरमाराचे प्रमुख कान्होजी आंग्रे यांच्या अलिबागजवळच्या कुलाबा किल्ल्यावर चालून गेले. बाजीराव पेशवे आंग्र्यांच्या मदतीला पोचताच पोर्तुगीजांनी परस्पर तह उरकला. इंग्रज हात चोळत मुंबईला परतले.

आज बाजू बदलण्याचा हाच खेळ हिंदी महासागरातली छोटी राष्ट्रे खेळतात. श्रीलंकेने २०१७ मध्ये हंबनटोटा बंदर ९९ वर्षांसाठी चिनी कंपनीकडे सोपवले आणि २०२२ मध्ये तिजोरी रिकामी होताच भारताकडून सुमारे ४ अब्ज डॉलरची मदत घेतली. मालदीवचे मोहम्मद मुइझ्झू २०२३ मध्ये ‘इंडिया आउट’च्या लाटेवर निवडून आले, ऑक्टोबर २०२४ मध्ये तेच दिल्लीत ४० कोटी डॉलरच्या चलन-अदलाबदलीचा करार करून गेले.

आपल्या वाहिन्यांवर याला कृतघ्नपणा म्हणायची चढाओढ लागते. दोन बलाढ्यांच्या मध्ये सापडलेल्या छोट्याने दुसरे करावे तरी काय? मुइझ्झूंनी चीनशी फारकत घेतलेली नाही आणि दिल्लीने तशी अट घालूही नये. जुलै २०२५ मध्ये पंतप्रधान मोदी मालेच्या स्वातंत्र्यदिनाला पाहुणे म्हणून गेले आणि जाताना नवे कर्ज देऊन आले, ते हे ओळखूनच.